अनुक्रमांक सहा

अहवाल अकरा पानांचा होता.
उद्यमबागेत शिकलेल्या अक्षता हुंदरेनं
दोन दिवस आमच्या मागांमधून फिरून तो केला,
केसांत सुताचा भुसा घेऊन,
खडखडाटावर ओरडून विचारत:
ही मोटार कुठल्या सालची?
ह्या ट्यूबा भर दुपारी का चालू?

मी म्हटलं, दुपार काय नि रात्र काय,
वडगावच्या ह्या शेडमध्ये
बारा महिने संध्याकाळचे सात वाजलेले असतात.

पहिल्या पाच कलमांना मी हूं म्हणालो.
पत्र्याला बाहेरून चुन्याचे तीन हात.
भर्मानं डोळे मिटूनच ओढले, एवढी ती पांढरी तिरीप;
शिडीवरून उतरला तेव्हा
त्याच्या भुवया म्हाताऱ्या झाल्या होत्या.
आतून बांबूच्या तट्ट्या,
तट्ट्या आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर पोकळी.
"तिथं काय भरायचं?" मी विचारलं.
"काहीच नाही," ती म्हणाली, "काहीच नाही तेच काम करतं."
चार मोटारी बदलल्या.
जुन्या घोरायच्या. नव्या नुसत्या पुटपुटतात.

कलम सहा: उत्तरेची जुनी खिडकी उघडावी.

जुनी?
हिला कुणी सांगितलं?
तिनं उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतीवर धरला.
सगळी भिंत जांभळी,
आणि मधोमध, गिलाव्याच्या आत,
एक केशरी चौकोन
झाकलेल्या जखमेसारखा ऊब धरून.

चौकोनापलीकडे हातभर बोळ,
बोळापलीकडे ईराप्पा कामकारची शेड.
आप्पांनी खिडकी बुजवली त्या वर्षी
पाट्या रात्री डांबरानं पुसल्या जायच्या
आणि सकाळी दुसऱ्या लिपीत उगवायच्या.
दोघांत नेमकं काय झालं मला माहीत नाही.
मी आठ वर्षांचा.
आठवतं ते एवढंच, की त्याआधी
भरलेल्या कांड्यांची टोपली इकडून तिकडे जायची
आणि रिकामी येताना तिच्यात
शेंगांच्या चटणीची पुडी असायची.
मग शट्टुप्पा गवंडी आला.
दोन तासांत त्यानं उत्तर दिशा संपवली.

आठ महिने कलम सहा तसंच राहिलं.
बिल कन्नडात यायचं, मी आकडे तेवढे वाचायचो.
आकडे उतरले होते,
पाच कलमांपुरते.
अक्षताचा फोन आला की मी म्हणायचो
लग्नसराई होऊ दे, गौरी-गणपती होऊ दे.
ती म्हणायची, बारा ट्यूबा, काका,
बारा ट्यूबा गणपतीची वाट बघूलाल्यात.

एका मंगळवारी करंट गेला.
माग थांबले, दोन्ही शेडमधले,
आणि एवढं शांत झालं
की पत्र्यावरची चिमणी चालताना ऐकू आली.
मी भर्माकडून छिन्नी घेतली.
का त्याच दिवशी, विचारू नका.
पहिली वीट हट्टी होती,
दुसरी तिच्यामागून आपसूक आली.

बोळातून आवाज:
"काय करूलास रे?"
मराठीत. आमच्याच मराठीत.
मल्लेश, ईराप्पाचा थोरला,
हातात बनियन, कपाळावर घाम,
माझ्याएवढाच पिकलेला.
मला माझ्या भाषेतला एकही शब्द सापडेना.
म्हणालो, "बेळकु."
उजेड.
तो विटांच्या ढिगाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, महिन्याला किती युनिटं वाचतात?
आणि तो कॅमेरा
आमच्या भिंतीवर धरून बघता येईल काय?

आता दिवसा तीनच ट्यूबा लागतात.
बोळातला वारा सुताचा भुसा उडवतो, त्याची कटकट आहे.
चटणीबिटणी काही आलेली नाही.
पण पहिल्याच सकाळी
तो उजेड मागावरच्या लुगड्यावर पडला
आणि आम्हाला कळलं,
मोरपंखी म्हणून इतकी वर्षं आम्ही जो काठ विकला
तो साधा निळाच होता.

गिऱ्हाईक कधी काही बोललं नाही.
त्यांच्याही घरात सातच वाजले असतील.